मुक्कामाचं पाणी

सुखदेवभाऊ,

गेल्या आठवड्यात दौऱ्याच्या पत्रकाचा कच्चा नमुना छापखान्यातून आला. बस क्रमांक तीन, मामा तलाव, माहिती देणार, आणि पुढे तुमचं नाव. तुम्ही गेल्याचं मी छापखान्यात कळवलं होतं, म्हणून तिथल्या माणसानं आपण होऊन तुमच्या नावाआधी ‘कै.’ घातलं होतं. घरच्यांना चालेल ना, म्हणून मी ते फोनवर प्रज्ञाला वाचून दाखवलं. तुमच्या लेकीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्याडम, कै. नोका लिहू. कैलासात कायले जाईन आमचा बाबा? कालकथित लिहा."

इतकी वर्षं तुमच्याकडे जेवले, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून चहा प्यायले, आणि एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. प्रज्ञा रागावली नव्हती. समोरच्याला ओशाळं वाटू नये अशा बेतानं सांगण्याची तुमची रीत तिनं बरोबर उचलली आहे. मी कै. खोडलं आणि कालकथित लिहिलं.

खोडायचं मला नवीन नाही. याच पत्रकावरून दोन वर्षांपूर्वी मी तुमचं नाव खोडलं होतं. ते तुम्हाला माहीत होतं. यंदा मी ते परत लिहिलं होतं, तुम्ही जाण्याच्या आठ दिवस आधी. हे मात्र तुम्हाला कळलं नाही. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नव्हती. गुरुवारी मूल गावाला जायचंच होतं, तिथून तुमच्या गावी येऊन समोर बसून सांगावं, असा बेत होता. तुम्ही मंगळवारी गेलात. माझी सगळी कामं अशीच असतात, आराखड्यात चोख आणि वेळेला हुकलेली.

म्हणून आता इथे सांगते. काल बस क्रमांक तीन तुमच्या तलावावर जाऊन आली आणि तिथे जे निघालं त्यानं माझी झोप उडवली आहे. पण ते शेवटी. तुम्हीही गोष्ट सांगताना आधी तलावाच्या बांधावरून, पारीवरून, एक चक्कर मारून आणायचात.

आमच्या पाटबंधारे इंजिनिअरांच्या मंडळाचं अधिवेशन दर दोन वर्षांनी हिवाळ्यात चंद्रपूरला भरतं. दोन दिवस निबंध, भाषणं, शाली. तिसऱ्या दिवशी पाहुण्यांना बसमध्ये घालून प्रत्यक्ष कामं दाखवायला न्यायचं. पत्रकात त्याला ‘तांत्रिक स्थळभेट’ म्हणतात. तुम्ही ‘पावण्याइची सहल’ म्हणायचात, आणि तुमचंच खरं होतं. बस क्रमांक एक घुग्घुसकडे जाते, कोळशाच्या खाणीतलं पाणी उपसण्याचे पंप बघायला. पंप कोणी बघत नाही, डोक्यावर टोपी चढवून फोटो काढतात. ती बस पहिल्या तासात भरते. क्रमांक दोन गडचिरोलीच्या जंगलातली वनतळी बघायला, म्हणजे नशिबात असला तर वाघ बघायला. तीन नंबरला उरलेले. ज्यांचा अर्ज उशिरा आला ते, ज्यांना खाणीची धूळ सोसत नाही ते, आणि एखाददुसरा असा की ज्याला खरोखर तलाव बघायचा असतो. मी नागभीडची, धानाच्या मुलखातली, म्हणून तीन नंबरची बस कायम माझ्या गळ्यात.

पहिल्या खेपेला तुम्हाला विचारायला आले तेव्हा तुम्ही बैलांच्या पुढ्यात तणीस टाकत होता. तलावाचं पाणी सोडणं-अडवणं गावानं तुमच्यावर सोपवलेलं, तुमच्या आधी तुमच्या वडिलांवर. मी म्हटलं, बाहेरगावचे इंजिनिअर येणार आहेत, त्यांना जरा समजावून सांगाल का. तुम्ही विचारलं, "इंजिनेर आहेत, मंग त्याइले समजत नाई का?" मी हसले. तुम्ही हसला नव्हता, खरंच विचारलं होतं.

आणि मग तो मामाचा घोटाळा. मालगुजार जमीनदारांनी बांधलेले तलाव पुढे सरकारकडे आले, कागदावर ‘माजी मालगुजारी’ झाले आणि बोलण्यात नुसते मामा. आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत असलेली गोष्ट, म्हणून पत्रकात खुलासा करायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. मदुराईकडच्या एक वयस्क इंजिनिअर बाई बसमधून उतरल्या, हातातल्या पत्रकात ‘मामा तलाव’ आणि त्याखाली तुमचं नाव वाचलं, आणि तुमच्यासमोर हात जोडून म्हणाल्या, "नमस्ते, मामाजी." त्यांच्यामागून सगळी बस तुम्हाला मामाजी म्हणू लागली. एकानं तर हा तलाव तुमच्या नावावर कधीपासून आहे, असं विचारलं. मी खुलासा करायला तोंड उघडलं तर तुम्ही हातानंच थांबवलं. "राहू द्या बाई. तलावाले एखादा मामा पायजेच."

तुमच्या वडिलांनी हा तलाव उभा जन्म राखला. मालगुजाराच्या काळात त्यांना याच्या पारीवर राबायची मुभा होती, गावाच्या घाटावर पाणी प्यायची नव्हती. हे तुम्ही मला फार पुढे सांगितलंत. त्या दिवशी मात्र मामाजी म्हणवून घेताना तुमचा चेहरा इतका खुलला होता की मला कारण कळलं नव्हतं तरी बरं वाटलं होतं.

तुम्ही सगळ्यांना चपला-बूट काढायला लावलेत. पाहुण्यांना वाटलं, देवाचं ठिकाण असेल. तुम्ही पारीवरून चालत निघालात आणि मध्येच एका जागी थांबून म्हणालात, "इथी पाय ठेवून पाहा." तळव्याला गार लागत होतं. बाकीची पार उन्हानं तापलेली आणि तेवढा पट्टा गार. आत पाणी झिरपत होतं. आम्ही झिरपा मोजायला नळ्या पुरतो आणि वह्या भरतो. मदुराईच्या बाई तिथे पाच मिनिटं अनवाणी उभ्या राहिल्या आणि हसत राहिल्या.

मग तुडुम. पारीच्या पोटातून गेलेला दगडी नळा, तलावाच्या बाजूनं त्याला एकाखाली एक भोकं, आणि प्रत्येक भोकाला मोहाच्या लाकडाचं बूच. पाणी उतरत जाईल तसं एकेक बूच काढत खाली यायचं. तुम्ही सदरा काढून पाण्यात उतरलात, बुडी मारलीत, आणि इकडे पाहुणे पारीच्या दुसऱ्या अंगाला पळाले, पाटात पाणी येतं का बघायला. पाणी आलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही निथळत वर येऊन पलीकडून ओरडलात, "आलं का?" पन्नास वर्षं तेच काम केलेला माणूस, तरी विचारल्याशिवाय तुम्हाला चैन पडत नसे.

जेवताना, लाखोळीचे वडे आणि भात, मदुराईच्या बाईंनी मोडक्या हिंदीत विचारलं की सगळ्यात खालचं बूच कधी काढता. तुम्ही म्हणालात, "वो नहीं निकालते." कधीच? कधीच नाही. का, याचं उत्तर तुम्ही मला मराठीत दिलंत आणि मी त्यांना हिंदीत सांगितलं, बांधी म्हणजे धानाचं खाचर हे धरून. "वरचं पाणी बांधीवाल्याइचं. खालचं, ज्याले बांधी नाई त्याइचं. ढिवराच्या मासोळ्या, गाई-म्हशी, बायाइचं धुणं. थे मुक्कामाचं पाणी आहे, बाई. थे चालत नाई." मी भाषांतर केलं आणि पुढचा वडा घेतला. माझ्या कानावरून ते वाक्य असं गेलं.

नाहीतर पुढच्या वर्षी तो आराखडा घेऊन मी तुमच्याकडे आले नसते.

माझ्या नोकरीतलं ते पहिलं काम होतं जे मी अथपासून इतिपर्यंत स्वतः आखलं होतं. तुडुम काढायचं, तिथे लोखंडी गेट बसवायचं, पारीवर चक्र. चक्र फिरवलं की गेट वर. बुडी नको, बूच नको, माणूस नको. गेटचा उंबरा मी तलावाच्या अगदी तळाला धरला होता. गेटच्या उंबऱ्याखाली जे पाणी राहतं, जे बाहेर काढता येत नाही, त्याला आमच्या भाषेत मृत साठा म्हणतात. माझ्या नकाशाच्या कोपऱ्यात मी अभिमानानं लिहिलं होतं, मृत साठा शून्य. थेंब न् थेंब धानाला.

तुम्ही तो नकाशा पारीवर पसरून, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवून पाहिलात. वाचता तुम्हाला चांगलं येत होतं.

"मृत म्हंजे?"

मी सांगितलं.

"मेलेलं पाणी?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "बाई, त्याच्यात त मासोळ्या राह्यते."

"अहो भाऊ, तो नुसता शब्द आहे."

"शब्द कोन ठेवला?"

कोणी ठेवला ते मला माहीत नव्हतं. मी पुस्तकात शिकले होते. तुम्ही म्हणालात, उंबरा हातभर वर घ्या. मी म्हटलं, तेवढ्या पाण्यावर टोकाच्या बांध्या निघतात, त्यांचं शेवटचं पाणी चुकतं दर वर्षी. तुम्ही म्हणालात, चुकते, बराबर आहे, पण थे पाणी त्याइचं नाई. मी म्हटलं, पाण्यावर कोणाचं नाव लिहिलेलं नसतं. तुम्ही म्हणालात, लिहिलेलं असते, तुमाले वाचता येत नाई. त्यावर मी चिडले. "मले शिकवू नका, मी हेच शिकून आले," असं काहीतरी म्हणाले. तुम्ही एकदम हसलात. पुण्याला चार वर्षं शिकून आणलेलं माझं ‘मला’ रागाच्या वेळी हमखास घरी पळायचं, आणि तुम्ही त्याची वाटच पाहत असायचात. "बाईले राग आला का मलाचं मले होते," असं तुम्ही वहिनींना सांगायचात, माझ्या देखत. वाद तिथे हसण्यावारी गेला आणि गेट माझ्या मापानं बसलं.

वाद तेव्हाच पुरा भांडायला हवा होता आपण. तुम्ही माझ्या पदाचा मान ठेवलात आणि मी तो ठेवू दिला.

दुसऱ्या अधिवेशनाच्या वेळी गेट नवंकोरं, हिरव्या रंगाचं. तीन नंबरची बस त्या खेपेला भरली होती, कारण आमचे अध्यक्ष स्वतः येणार होते. मी चक्रापाशी उभं राहून सगळं सांगितलं. मग मदुराईच्या बाईंनी, त्या पुन्हा आल्या होत्या, तुम्हाला विचारलं, "मामाजी, गेट से क्या फ़र्क़ पड़ा?" तुम्ही माझ्याकडे एकदा पाहिलंत. आता आठवतं, ते परवानगी मागितल्यासारखं पाहणं होतं. मी मान डोलावली. माझ्या कामाचं कौतुक ऐकायला मी तयारच होते.

"गेट अच्छा है," तुम्ही म्हणालात. "बस, इसको रुकना नहीं आता."

सगळे हसले. अध्यक्षही. मग तुम्ही सांगितलंत की पहिल्याच वर्षी शेवटच्या पाण्याला गेट पुरतं उघडलं, तलाव तळापर्यंत गेला, मासोळ्या चिखलात पडल्या. तुमचा आवाज अगदी साधा होता. माझे कान तापले होते आणि मला एवढंच ऐकू येत होतं की हे माझं नाव घालवताहेत, बाहेरच्या लोकांसमोर. परतीच्या बसमध्ये मी खिडकीशी बसून एकच गोष्ट मनात घट्ट केली. बूच गेलं, बुडी गेली, गावातला कोणीही आता चक्र फिरवतो, म्हणून भाऊंना पोटात दुखतंय. हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण धरून ठेवलं. तुमच्या गावावरून दहादा गेले असेन त्या वर्षात, थांबले नाही. पुढच्या सालीही तेच. वहिनींनी एकदा मूलच्या बाजारात मला पाहून हात केला होता. मी न दिसल्यासारखं केलं. हेही आज लिहून टाकते.

त्यातल्या पहिल्याच सालात पाऊस दगा देऊन गेला. आजूबाजूचे तलाव माघातच फुटक्या मातीवर आले. तुमच्या तलावात मात्र पाणी राहिलं. माझ्या कार्यालयात नोंद आली, मी ती दोनदा तपासून घेतली, आणि मला जो आनंद झाला त्यात तुम्हाला खोटं पाडल्याचा आनंद मोठा होता. मी त्यावर निबंध लिहिला. जुन्या तुडुमाच्या जागी गेट बसवूनही, मृत साठा शून्य धरूनही, तलाव टिकतो. चक्र चालवण्याची शिस्त असली की पुरे. तिसऱ्या अधिवेशनात तो वाचला. लोकांनी वाखाणला. आणि दौऱ्याच्या पत्रकावरून तुमचं नाव काढून तिथे ‘माहिती : स्थानिक अभियंता’ असं घातलं. म्हणजे मीच.

तुम्ही आलात तरी. कोणी बोलावलं नव्हतं. दर खेपेला बस येते, आपण असतो, एवढंच तुम्हाला माहीत असावं. इस्त्रीचा पांढरा सदरा घालून सायकल मोहाला टेकवून उभे होता. माझ्या हातातल्या पत्रकाची एक प्रत कोणीतरी तुम्हाला दिली. तुम्ही ती पूर्ण वाचलीत, घडी करून खिशात ठेवलीत, आणि पाहुण्यांच्या मागच्या रांगेत जाऊन उभे राहिलात. मी बोलले, वीस मिनिटं. तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत. चपला काढायला मी कोणाला सांगितलं नाही. जाताना तुम्ही म्हणालात, "चांगलं सांगतलं बाई," आणि चहा पिऊन गेलात. एखादा माणूस टोमणा मारून गेला असता तर मला सोपं गेलं असतं. तुमच्या बोलण्यात टोमणा शोधून शोधून मी थकले, भाऊ. नव्हताच तो.

त्यानंतर मी परत तुमच्याकडे येऊ लागले. जिंकलेल्या माणसाला उदार होणं जड जात नाही. गेल्या पावसाळ्यात तुमच्या ओसरीवर बसून मी म्हटलं, "बघा भाऊ, वाईट सालातही तलाव कोरडा पडला नाही. तुमची भीती फुकट होती."

तुम्ही तंबाखू मळत होता. "बराबर आहे," म्हणालात. "गेट चांगलाच आहे तुमचा."

मग थोड्या वेळानं, "बाई, एखांद्या वेळी उन्हाळ्यात या. तलावात उतरून पाहा. पारीवरून पाणी दिसते, तलाव नाई दिसत."

मी म्हटलं, उन्हाळ्यात मला मरायला फुरसत नसते. ते आपलं शेवटचं बोलणं. आणि मी ते शब्द सहज वापरले.

मग घरी जाताना, नेमकं काय बोचतंय ते कळेना. हळूहळू कळलं की पत्रकावर माझं नाव असण्यात मला काही गोडी वाटत नव्हती. तुमच्यासारखं मला सांगता येत नाही. म्हणून यंदा तुमचं नाव परत लिहिलं. तेही मोठ्या मनानं लिहिलं, भाऊ, चूक कबूल करून नव्हे. खरं ते सांगितलं पाहिजे.

तुमच्या जलदान विधीला मी आले होते. वंदना चालू असताना शेवटच्या ओळीत बसले. जन्मभर पाणी देत आलेल्या माणसाच्या निरोपाला जलदान म्हणतात, हे मला तिथे पहिल्यांदा समजलं आणि मी पदर तोंडाशी धरला.  वहिनींनीच माझ्या पाठीवर हात ठेवला.

आता कालचं.

यंदाही पाऊस कमी झाला आणि तलाव लवकर उतरला. वहिनींना मी येऊ नका म्हटलं होतं. त्या आल्या, गावातल्या बायांबरोबर, वड्यांची परात घेऊन. मी पाहुण्यांना चपला काढायला सांगितल्या. गार पट्टा शोधला, दोन वेळा चुकले, तिसऱ्या वेळी सापडला. मग तुमचं नाव घेतलं आणि सगळे एक मिनिट उभे राहिले. मदुराईच्या बाई रडल्या. आता त्यांचेही गुडघे दुखतात, तरी त्या चपला हातात घेऊन तलावाच्या पोटात उतरल्या, सुकलेल्या बेशरमाच्या झुडपांच्या काड्या बाजूला करत, थेट गेटच्या तोंडापर्यंत. आणि तिथून मला हाक मारली.

"ये क्या है? आपके ड्रॉइंग में तो नहीं था."

मी उतरले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. गेटच्या तोंडासमोर, तलावाच्या बाजूनं, दगडांचा एक अर्धगोल होता. कमरेएवढा, काळ्या मातीनं सांधलेला, वरून शेवाळ धरलेला. एरवी पाण्याखाली आणि बेशरमाच्या जाळीत असणारा. त्याच्या आत, गेटच्या बाजूला, कोरडं होतं. बाहेर पाणी होतं, आणि पाण्यात मासोळ्या होत्या. मला एका क्षणात सगळं समजलं आणि तरी मी बाईंना म्हटलं, "गाळ अडवण्यासाठी असेल."

वहिनी मागून आल्या होत्या. "गाळासाठी नाई, बाई. ह्याइनं बांधलं थे. त्याच्या वरचं पाणी गेटातून जाते, खालचं इथीच राह्यते. तुमी सारे गेट पाहून गेल्ता ना, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात. मी अन् ढिवराच्या तिघी बाया दगड देत होतो, हे बसवत होते."

"मले काऊन नाई सांगितलं?"

वहिनींनी परात खाली ठेवली. त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "पयले त तुमी येतच नोहत्या. मंग आल्या त तिकडं वाचून आल्या होत्या. म्या म्हटलं ह्याइले, सांगा बाईले. त म्हणे, बाईनं साऱ्या सायबाइसमोर वाचून दाखवलं, आता सांगतलं त त्याइचा शब्द खाली पडते. पाणी राह्यलं ना, म्हणे, मंग झालं."

वाईट सालात तलाव टिकला तो माझ्या चक्राच्या शिस्तीनं नव्हे. निबंधात मी मात्र शिस्तीनंच असं लिहिलं, माना डोलल्या, कुठल्या तरी अहवालात ते गेलंही असेल. मागच्या रांगेत उभं राहून तुम्ही ते ऐकलंत आणि म्हणालात, चांगलं सांगतलं. मला वाटत होतं मी तुमच्याशी बोलत नाही. तुम्ही त्या सगळ्या काळात माझी चूक सांभाळत होता, पाण्याखाली.

पारीवर येऊन मी पाहुण्यांना सांगितलं. आधी हिंदीत, मग इंग्रजीत, कोणाची समजण्यात चूक राहू नये म्हणून. माझा निबंध चुकीचा आहे, गेटचा उंबरा चुकीचा आहे, आणि खाली जे दिसतंय ते या माणसाचं काम आहे. पत्रकात ‘मृत साठा : शून्य’ ही ओळ यंदाही होती, जुन्या पत्रकावरून तशीच आलेली. ती सगळ्यांना खोडायला लावली. मदुराईच्या बाईंनी पेन काढून विचारलं, मग तिथे काय लिहू? मी सांगितलं, मुक्कामाचं पाणी. त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि त्यांच्या लिपीत लिहून घेतलं. अध्यक्षांना मी निबंधाची दुरुस्ती आजच पाठवली आहे. तुमच्या नावानिशी. नावाआधी काय लिहायचं ते आता मला माहीत आहे.

एवढ्यावर मी थांबले असते तर शोभलं असतं. पण बस सुटायच्या आधी मी परत खाली गेले. त्या अर्धगोलातला वरचा एक दगड निसटून पडला होता. पावसाळ्याआधी तो बसवला पाहिजे, नाहीतर पाण्याच्या पहिल्या ओढीला शेजारचे सुटतील, एवढं माझ्यातल्या इंजिनिअरला कळत होतं. सलवार गुडघ्यापर्यंत ओढली, पाण्यात उतरले, दगड उचलून जागेवर ठेवला. डुगडुगला. उलटा करून ठेवला. डुगडुगला. खाली माती भरली, चिपा कोंबल्या, तरी तो बसेना. पारीवर अख्खी बस उभी राहून बघत होती. वहिनी काठावरून म्हणाल्या, "राहू द्या, बाई. त्याले पाहून बसवा लागते."

मी दोन्ही हातांनी तो दगड धरून तशीच उभी राहिले. सोडला की पडणार होता. मले येत नाई, भाऊ. राग नव्हता आला, तरी मलेच आलं तोंडात.